उशिरा आलेला निळा क्रूस : ‘एमडन’च्या कप्तानाचं प्रकरण

पहिल्या महायुद्धातली ९ नोव्हेंबर १९१४ची सकाळ. सुमात्रा आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधल्या समुद्रात कोकोस नावाची माडांनी भरलेली चिमुकली बेटं आहेत. त्यांतल्या डायरेक्शन बेटावर इंग्रजांचं तारघर होतं. समुद्राच्या तळातून आलेल्या केबल इथे जमिनीवर यायच्या आणि ऑस्ट्रेलियाचा बाकीच्या जगाशी असलेला संपर्क बऱ्याच अंशी याच ठिकाणावर टिकून होता. त्या सकाळी हेलमुट फॉन म्यूके हा जर्मन अधिकारी सुमारे पन्नास माणसं घेऊन होड्यांतून उतरला. लढाई झालीच नाही. तारघराच्या प्रमुखानं मुकाट्यानं चाव्या काढून दिल्या आणि वर म्यूकेचं अभिनंदन केलं. कशाबद्दल, ते म्यूकेला कळेना. तुम्हा लोकांना आयर्न क्रॉस मिळालाय, रॉयटरची तार नुकतीच इथून पुढे गेली, असा खुलासा त्या इंग्रजानं केला. बिनतारी यंत्रणेचा उंच खांब पाडायची वेळ आली, तेव्हा तो टेनिस कोर्टावर पडू नये एवढी विनंती तिथल्या कर्मचाऱ्यांनी केली. जर्मनांनी ती मानली.

म्हणजे जर्मन सम्राट कैसरनं दिलेल्या या शौर्यपदकाची बातमी जर्मनांना कळली ती शत्रूच्या तारेवरून, तीच तार तोडायला ते कुऱ्हाडी घेऊन आले असताना. आणि काही तासांतच त्यांची युद्धनौका कायमची संपणार होती.

ही नौका ‘एमडन’, आणि तिचा कप्तान कार्ल फॉन म्युलर. पराक्रमाच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत, त्या थोडक्यात येतीलच. मला हे प्रकरण अभ्यासावंसं वाटलं ते त्याच्या पदकांमुळे. ज्या आरमारानं त्याच्या बोटीला तातडीनं आयर्न क्रॉस दिला, त्याच आरमारानं ‘पूर ल मेरीत’ हा निळा क्रूस, म्हणजे प्रशियाचा सर्वोच्च युद्धसन्मान, त्याला साडेतीन वर्षं दिला नाही. दोन्ही निर्णयांमागे एकच माणूस आणि एकच मोहीम होती. मग नेमकं काय तोललं जात होतं?

हॅनोव्हर ते त्सिंगताव

म्युलरचा जन्म १६ जून १८७३ला हॅनोव्हरमध्ये झाला. वडील प्रशियाच्या सैन्यात कर्नल. प्लोनच्या लष्करी शाळेतून तो १८९१मध्ये आरमारात दाखल झाला आणि ‘श्टॉश’ व ‘ग्नायझेनाऊ’ या शिकाऊ बोटींवर तयार झाला. पुढे ‘श्वाल्बे’ या लहान क्रूझरवरून त्याची रवानगी जर्मन पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झाली. तिथे त्याला मलेरिया जडला. हा ताप त्याच्या नोकरीच्या नोंदवहीतली एक क्षुल्लक ओळ वाटेल, पण तो जन्मभर उलटत राहिला आणि या प्रकरणात दोनदा निर्णायक ठरला, म्हणून तो लक्षात ठेवायचा.

परतल्यावर त्यानं युद्धनौकेवर तोफखान्याचा अधिकारी म्हणून आणि मग कैसरचा भाऊ राजपुत्र हाइनरिख याच्या हाताखाली काम केलं. १९०८च्या शेवटी बढती मिळून तो बर्लिनच्या आरमारी कचेरीत आला. तिथला प्रमुख अॅडमिरल टिर्पिट्झ याची मर्जी बसली आणि १९१३मध्ये ‘एमडन’ त्याच्या हाती आली. ही हलकी क्रूझर, सुमारे ३,६०० टनांची. तिच्यावर १०.५ सेंटीमीटरच्या दहा तोफा होत्या. जुन्या पद्धतीच्या वाफेच्या इंजिनावर चालणारी ती जर्मनीची शेवटची क्रूझर होती. त्याच वर्षी चीनमधल्या बंडात यांगत्से नदीवर नानकिंगजवळच्या किल्ल्यांवर त्यानं तोफा डागल्या आणि त्याबद्दल त्याला तलवारींसह तिसऱ्या श्रेणीचा ‘राजमुकुट’ सन्मान मिळाला. त्याच्या छातीवरचं हे युद्धाचं पहिलं चिन्ह चिनी नदीत, चिनी लोकांच्या अंतर्गत भांडणात मिळालं होतं. परक्या नदीत आपली गनबोट घुसवणं हा त्या काळच्या प्रत्येक साम्राज्याला आपला हक्क वाटे. म्युलरच्या सभ्यतेबद्दल मी पुढे मनापासून लिहिणार आहे, पण तो याच व्यवस्थेचा चाकर होता हे विसरून चालणार नाही.

दोन महिने

युद्ध पेटलं तेव्हा ‘एमडन’ चीनच्या किनाऱ्यावरच्या त्सिंगताव या जर्मन तळावरून नुकतीच बाहेर पडली होती. ४ ऑगस्टला तिनं ‘रियाझान’ हे रशियन टपालजहाज पकडलं. या युद्धात जर्मन आरमारानं पकडलेलं ते पहिलं जहाज. नंतर पॅसिफिकमधल्या पागान बेटापाशी अॅडमिरल फॉन श्पेचा सगळा जर्मन ताफा जमला. श्पे पूर्वेकडे, दक्षिण अमेरिकेच्या दिशेनं निघाला होता. एक हलकी क्रूझर मागे सोडा, ती एकटी हिंदी महासागरात धुमाकूळ घालील, असा प्रस्ताव म्युलरनं मांडला आणि श्पेनं तो त्याच्याच गळ्यात घातला.

कोळसा हा या मोहिमेचा खरा शत्रू होता. तळ नाही, बंदर नाही, दुरुस्ती नाही, आणि दर काही दिवसांनी शेकडो टन कोळसा पोत्यांनी चढवायचा. पकडलेल्या जहाजांतला कोळसा हलका निघाला की धुराच्या लोटांनी बोटीचा पत्ता दुरूनच लागायचा. म्हणून ‘ब्युरेस्क’ हे उत्तम वेल्श कोळशानं भरलेलं जहाज हाती लागलं, तेव्हा ते न बुडवता म्युलरनं सोबतच ठेवलं. बोटीला तीन धुराडी होती. कॅनव्हासचं खोटं चौथं धुराडं उभारलं की ती लांबून इंग्रजांच्या ‘यारमथ’ या क्रूझरसारखी दिसायची.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात एकापाठोपाठ एक जहाजं पकडली जाऊ लागली. ‘इंडस’, ‘लोव्हट’, ‘किलिन’, चहानं भरलेलं ‘डिप्लोमॅट’. पद्धत ठरलेली होती: इशारा द्यायचा, माणसं उतरवून घ्यायची, मगच जहाज बुडवायचं. ‘काबिंगा’वर कप्तानाची बायको आणि मूल होतं, म्हणून ते जहाज बुडवलंच नाही. इतर जहाजांची माणसं त्यावर चढवून ते सोडून दिलं. माणसं गोळा करून ठेवायच्या अशा जहाजाला जर्मन खलाशी ‘चिंध्या गोळा करणारा’ म्हणत. सुटकेच्या वेळी इंग्रज खलाशांनी ‘एमडन’च्या नावानं जयजयकार केल्याच्या नोंदी आहेत. सगळ्या मोहिमेत मिळून सत्तर हजार टनांहून अधिक क्षमतेची व्यापारी जहाजं त्यानं बुडवली किंवा पकडली, आणि त्यांवरचा एकही खलाशी दगावला नाही.

मद्रासची रात्र वेगळी होती. २२ सप्टेंबरला रात्री साडेनऊच्या सुमारास ‘एमडन’ बंदरासमोर आली, बर्मा ऑइलच्या टाक्यांवर सर्चलाइट टाकला आणि सव्वाशेच्या आसपास गोळे झाडून अंधारात निघून गेली. टाक्या पेटल्या. शहरावर मारा करायचा म्युलरचा हेतू नव्हता, पण गोळे फुटतात तेव्हा हेतू विचारत नाहीत. किमान पाच माणसं मेली. उच्च न्यायालयाच्या आवाराच्या भिंतीवर आजही त्या रात्रीची पाटी आहे. मद्रासमधून लोकांनी चंबूगबाळं आवरून पळ काढला, आणि ‘एमडन’ हे नाव तमिळ व मल्याळम बोलीत बिलंदर, भारी माणसाला चिकटलं. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्येही ही बोट येतेय, अशी कुजबुज पोचली होती. तिथे तेव्हा सावरकर बंधू होते आणि सावरकरांच्या आठवणींत एमडनचं नाव येतं. चंपकरामन पिल्ले या बोटीवर होते ही दंतकथा मात्र टिकत नाही. ते त्या वेळी युरोपात होते. इंग्रजांच्या दारात येऊन कुणीतरी त्यांना थप्पड मारली याचा आनंद त्या पिढीला झाला, तो समजण्यासारखा आहे. पण म्युलर हिंदुस्थानसाठी लढत नव्हता.

त्याच २२ सप्टेंबरच्या सकाळी, हजारो मैलांवर उत्तर समुद्रात, ऑटो वेडिगेनच्या ‘यू-९’ या पाणबुडीनं दीड तासाच्या आत तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. सुमारे १,४५० माणसं मेली. वेडिगेनला ‘पूर ल मेरीत’ सुमारे महिन्याभरात मिळाला. ही जोडी या प्रकरणाच्या मधोमध ठेवून बघावी असं मला वाटतं. एकाच दिवसाचे हे दोन पराक्रम. एकाचं माप झटकन घेता आलं, कारण बुडालेल्या युद्धनौका मोजता येतात. दुसऱ्यानं अख्ख्या महासागरातली वाहतूक अडवली, विम्याचे दर चढवले, डझनावारी शत्रूनौकांना आपल्या मागे पळायला लावलं. यातलं काहीच एका आकड्यात बसत नाही.

युद्धनौकाही त्यानं बुडवल्या. २८ ऑक्टोबरच्या पहाटे ‘एमडन’ खोटं धुराडं लावून पेनांगच्या बंदरात शिरली. आत ‘झेमचुग’ ही रशियन क्रूझर नांगर टाकून होती आणि तिचा कप्तान किनाऱ्यावर रात्र घालवत होता. दोन पाणतीर आणि तोफांचा मारा, एवढ्यात ती बुडाली. ८९ माणसं गेली. बाहेर पडताना ‘मूस्के’ ही छोटी फ्रेंच विनाशिका आडवी आली, तीही बुडवली. तिची ३६ माणसं पाण्यातून काढायला म्युलर थांबला. पाठलाग होण्याची भीती असताना थांबला. जखमांनी मेलेल्यांना लष्करी इतमामात समुद्रात सोडलं आणि उरलेल्यांना एका ब्रिटिश मालवाहू जहाजावर चढवून पाठवून दिलं. वाटेतल्या एका निःशस्त्र लाँचवर चुकून गोळी झाडली गेली, त्याबद्दल त्यानं दिलगिरीचा निरोपही धाडला.

कोकोसचा निर्णय

आता त्या सकाळकडे परत. म्युलरला ‘पूर ल मेरीत’ द्यायला बर्लिनमध्ये विरोध केला तो नौदल मंत्रिमंडळाच्या, म्हणजे आरमारातल्या नेमणुका आणि सन्मान पाहणाऱ्या कैसरच्या कचेरीच्या, प्रमुखानं. त्याचा आक्षेप याच सकाळच्या निर्णयांवर होता, म्हणून ती सावकाश पाहायला हवी.

कोकोसला जायचं कारण पटण्यासारखं होतं. तारघर बंद पडलं की ऑस्ट्रेलियाचा संपर्क तुटणार आणि ‘एमडन’ आता त्या बाजूला आहे असं इंग्रजांना वाटणार. म्युलरला त्यानंतर उलट्या दिशेला, एडनकडच्या समुद्रात सरकायचं होतं. आदल्या दिवसांत बिनतारी संदेश ऐकू येत होते, पण ते क्षीण होत चालले होते. कुठलीतरी शत्रूनौका दूर जातेय असा अर्थ त्यानं काढला. तो अर्धा बरोबर होता. ‘मिनोटॉर’ ही क्रूझर खरोखरच दूर चालली होती. पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे हजारो सैनिक घेऊन जाणारा मोठा काफिला कोकोसपासून पन्नास-पंचावन्न मैलांवरून, गपचूप, बिनतारी यंत्रं मुकी ठेवून चालला होता. काफिल्याबरोबर ‘सिडनी’ ही क्रूझर होती. याची म्युलरला कल्पनाच नव्हती.

तारघरातल्यांनी सकाळी परकी बोट पाहिली. ते कॅनव्हासचं धुराडं जवळून ओळखू येत होतं. माणसं किनाऱ्याला लागण्याआधीच संकटाचा संदेश निघाला. ‘एमडन’नं तो दाबायचा प्रयत्न केला, तरी काफिल्यानं तो ऐकला आणि ‘सिडनी’ निघाली.

इकडे किनाऱ्यावर उशीर होत होता. जाड केबल पाण्यातून ओढून काढायची आणि हातातल्या अवजारांनी तोडायची, हे काम कुणाच्या अंदाजात बसलं नाही. क्षितिजावर धूर दिसला. म्युलरनं कोळसा भरायला ‘ब्युरेस्क’ला बोलावलं होतं, त्यामुळे तीच येतेय असं सगळ्यांना वाटलं. डोलकाठ्या स्पष्ट झाल्या तेव्हा भोंगा वाजवून किनाऱ्यावरच्यांना बोलावलं, पण त्यांना परत घ्यायला वेळच उरला नाही. म्यूके होडीतून बोटीमागे धावत राहिला आणि बोट नजरेआड गेली.

साडेनऊनंतर लढाई सुरू झाली. ‘सिडनी’ ५,४०० टनांची, ‘एमडन’पेक्षा वेगवान, सहा इंची तोफांची. ‘एमडन’चे पहिले गोळे अचूक पडले आणि ‘सिडनी’चं अंतर मोजायचं एक यंत्र निकामी झालं. त्यानंतर कप्तान जॉन ग्लॉसपनं अंतर ठेवलं आणि आपल्या लांब पल्ल्याच्या तोफांना काम करू दिलं. ‘एमडन’ची धुराडी कोसळली, सुकाणू गेलं, तोफांवरची माणसं एकेक करून संपली. सव्वाअकराच्या सुमारास म्युलरनं बोट उत्तर कीलिंग बेटाच्या प्रवाळखडकावर चढवली, म्हणजे उरलेली माणसं तरी बुडू नयेत.

आक्षेपात तथ्य होतं का? काही अंशी होतं, असं माझं मत आहे. एका निःशस्त्र तारघरासाठी पन्नास माणसं, तीही आपला पहिला अधिकारी आणि तोफखान्यावरची तयार माणसं, उतरवणं ही सावधगिरीची अतिशयोक्ती होती. लढाईत त्यांची जागा कुणी घेऊ शकलं नाही. धुराची ओळख पटवण्यात वेळ गेला. पण ‘सिडनी’शी गाठ पडल्यावर पन्नास माणसं बोटीवर असती तरी निकाल बदलला असता असं वाटत नाही. १०.५ सेंटीमीटरच्या तोफा सहा इंची तोफांसमोर फार तर अर्धा तास जास्त टिकल्या असत्या. खरी चूक असलीच तर एकच: मुद्दाम बंद ठेवलेल्या बिनतारी यंत्रांच्या शांततेला त्यानं रिकामा समुद्र समजलं.

त्यानंतरचे काही तास वाचताना अजूनही त्रास होतो. ‘सिडनी’ ‘ब्युरेस्क’चा पाठलाग करून दुपारी परत आली. ‘एमडन’च्या डोलकाठीवर निशाण अजून फडकत होतं. शरण या, असा इशारा ग्लॉसपनं केला. ‘एमडन’वरची संकेतपुस्तकं नष्ट केलेली असल्यामुळे तो कुणाला कळला नाही. ग्लॉसपनं पुन्हा तोफा झाडल्या. खडकावर फसलेल्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या बोटीवर. मग निशाण उतरलं. एकशेतीसहून अधिक जर्मन मेले. जखमींना पाण्याशिवाय रात्र काढावी लागली, कारण त्यांना उचलायला ‘सिडनी’ आली ती दुसऱ्या दिवशी. ग्लॉसपनं म्युलरला पाठवलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात मानवतेच्या नावानं शरण येण्याची विनंती आहे आणि तुमच्या शौर्याचा मला आदर आहे असं स्पष्ट म्हटलं आहे. ब्रिटिश आरमारी कचेरीनं कप्तानाला आणि अधिकाऱ्यांना त्यांच्या तलवारी राखू द्याव्यात असा आदेश दिला. ‘सिडनी’ कोलंबोला पोचताना काफिल्यातल्या सैनिकांनी जल्लोष करू नये असं ग्लॉसपनं आधीच कळवलं होतं, कारण बोटीवर शत्रूचे जखमी झोपले होते. हजारो तरुण पोरं जहाजांच्या कठड्यांशी गर्दी करून उभी, आणि कुणाच्या तोंडून आवाज नाही.

निळा क्रूस

म्युलर माल्टाला कैदेत गेला. ऑक्टोबर १९१६मध्ये त्याला सहकाऱ्यांपासून वेगळं काढून इंग्लंडला नेलं आणि मिडलँड्समधल्या सटन बॉनिंग्टनच्या एका शेतकी-दुग्ध महाविद्यालयात उघडलेल्या अधिकाऱ्यांच्या छावणीत ठेवलं. १९१७मध्ये वीसहून अधिक अधिकारी तिथून भुयार खणून निसटले, त्यात तोही होता. पकडला गेला. इंग्लंडच्या ओलसर हवेत मलेरिया पुन्हा उफाळला आणि शेवटी आजारी कैद्यांच्या देवाणघेवाणीत त्याला नेदरलँड्सला पाठवण्यात आलं.

बर्लिनमध्ये त्याच्या पदकाची फाईल अडली होती ती कैसरच्या नौदल मंत्रिमंडळाच्या प्रमुखापाशी. योगायोगानं त्याचंही आडनाव फॉन म्युलर, गेओर्ग अलेक्झांडर. नात्यानं कुणी नाही. ज्या निर्णयांमुळे बोट गेली, त्या निर्णयांच्या धन्याला सर्वोच्च सन्मान कसा द्यायचा, हा त्याचा मुद्दा. ‘पूर ल मेरीत’ १७४०मध्ये दुसऱ्या फ्रेडरिकनं सुरू केलेला, गळ्यात घालायचा निळ्या मिन्याचा क्रूस. आयर्न क्रॉस लाखोंना वाटला गेला, निळा क्रूस मोजक्यांना. म्हणून प्रमुखाची काळजी मला खोटी वाटत नाही. मला खटकतं ते इतकंच की ज्याच्या निर्णयांवर तो निवाडा देत होता, त्याची बाजू त्यानं तोवर ऐकलीच नव्हती. कैदेतल्या माणसाला ती मांडताही येत नव्हती.

अखेर कप्तान म्युलरचा लढाईचा अहवाल या प्रमुखासमोर आला, आरमाराच्या प्रमुखाचाही पाठिंबा होता, आणि विरोध मावळला. मार्च १९१८मध्ये कप्तानाला ‘पूर ल मेरीत’ आणि त्यासोबत कॅप्टनपदाची बढती मिळाली. त्याच्याबरोबर एकाच दिवशी इतिहासात आलेला वेडिगेन तोवर तीन वर्षांपूर्वीच ‘एचएमएस ड्रेडनॉट’खाली आपल्या नव्या पाणबुडीसह संपला होता. म्युलर ऑक्टोबर १९१८मध्ये जर्मनीत परतला, तेव्हा त्याला पदक देणारं साम्राज्य महिन्याभराचंच सोबती होतं.

१९१९मध्ये प्रकृतीच्या कारणानं त्यानं नोकरी सोडली आणि ब्लांकेनबुर्गला राहू लागला. पुढे ब्राउनश्वाइगच्या प्रांतिक विधिमंडळात निवडून आला. प्रकाशक मागे लागले होते, पण त्यानं पुस्तक लिहायला नम्र नकार दिला. आपल्या सोबत्यांच्या रक्तावर पैसे कमावल्यासारखं वाटेल, असं त्याचं म्हणणं होतं. ११ मार्च १९२३ला, पन्नाशी गाठायच्या आधीच, तो अचानक गेला. तापानं पोखरलेलं शरीर किती ओढलं असतं.

बोटीचा आयर्न क्रॉस मात्र नंतरच्या ‘एमडन’ बोटींच्या पुढच्या टोकावर बसवला गेला. आणि वाचलेल्या माणसांना आपल्या आडनावापुढे ‘एमडन’ जोडायची मुभा मिळाली. पाणतीर अधिकारी रॉबर्ट विटहोफ्ट पुढे विटहोफ्ट-एमडन म्हणून ओळखला गेला. छातीवरून काढून पेटीत ठेवता न येणारं हे चिन्ह त्यांच्या मुलानातवंडांनीही लावलं.